बंगल्यातली मागची जागा

मुलांनो, हाताची घडी सोडा. तोंडावरचं बोटही काढा. ही गोष्ट ऐकताना मध्येच प्रश्न विचारायला पूर्ण परवानगी आहे.

जंगल होतं एक, दाट आणि जुनं. त्यात जेवढी झाडं होती, जवळजवळ तेवढेच ज्येष्ठ होते. उन्हाळ्यात तिथले पाणवठे आटायचे. मग सगळे प्राणी घाटापलीकडच्या तळ्यावर राहायला जायचे. तरुण प्राणी चालत जायचे. ज्येष्ठ आणि पिल्लं गाडीतून जायची.

गाडी म्हणजे चाकांवरचा बंगला. सहलीला आलेली कुणी माणसं तो जंगलाच्या कडेला टाकून गेली होती. दोन चाकं, पुढे-मागे एकेक खिडकी, आत गादी, मागे दार. पुढे एक लांब लोखंडी दांडा. तो दांडा नीलगाईच्या खांद्यावर पट्ट्यानं बांधायचा आणि तिनं बंगला ओढायचा.

नीलगाईनंच का? हा प्रश्न तुम्हाला पडला. शाबास. जंगलात तो कुणालाच पडला नव्हता.

बंगल्यात बसायची एक पद्धत होती. पुढे धूळ येते आणि ओढणारीची शेपटी खिडकीतून आत फिरते, म्हणून पुढची जागा पिल्लांची. जो जितका मोठा, तो तितका मागे. अगदी मागे, दाराला टेकून, गादीवर आप्पासाहेब अस्वल बसायचे. ते ज्येष्ठ मंडळाचे अध्यक्ष होते आणि पोट धरून त्यांना उठायला वेळ लागायचा. त्यांच्या शेजारी वत्सलाकाकू रानडुकरीण, लोणच्याच्या बरण्यांसकट. समोर दामूअण्णा साळिंदर. त्यांच्या शेजारी कुणी बसत नसे, कारण उघड आहे. आणि या तिघांच्या मध्ये पाण्याचा भरलेला रांजण, कारण तहान लागली तर आप्पासाहेबांना चार पावलं पुढे जावं लागू नये.

गेल्या उन्हाळ्यात घाटाच्या चढावर दांडा अचानक वर उचलला गेला. ओढणाऱ्या नीलगाईच्या खांद्याला असा हिसका बसला की ती तेव्हापासून लंगडत होती. ज्येष्ठांनी तिची लगेच चौकशी केली. "तुला नीट ओढता येत नाही का गं?" अशी चौकशी.

यंदा तिच्या मुलीची पाळी होती. मुलीचं नाव केतकी. ती नदीपलीकडे जाऊन भार आणि तोल हा विषय शिकून आली होती. जंगलात यावर दोन मतं होती. काहींना वाटायचं की मुलीनं एवढं शिकू नये. उरलेल्यांना वाटायचं की शिकली तर शिकली, पण बोलू नये.

केतकी ज्येष्ठ मंडळासमोर उभी राहिली आणि बोलली.

"आप्पासाहेब, आपली गाडी उलाळ आहे."

"म्हणजे काय?"

"मागे जड. मागे ओझं वाढलं की पुढचा दांडा हलका होतो. मग सपाटीवर जरा वेग घेतला की गाडीचं मागचं टोक डावी-उजवीकडे झोकांड्या खातं. आणि चढ लागला की दांडा ओढणारीला घेऊन वर उठतो. आईचं तेच झालं. उद्या माझं होईल."

"तुझ्या आईनं इतकी वर्षं ओढली," वत्सलाकाकू म्हणाल्या. "एका शब्दानं कुरकुर केली नाही हो तिनं."

"तुम्ही कधी विचारलंत, काकू?"

"ऐकलंत? नदीपलीकडे हेच शिकवतात." दामूअण्णांनी काटे फुलवले.

"पोरी," आप्पासाहेब म्हणाले, "आम्ही या बंगल्याबरोबर कितीतरी उन्हाळे काढलेत."

"ओढलाय का कधी?"

"मी? मी मार्गदर्शन केलंय."

केतकीची आई कोपऱ्यात उभी होती. तिनं खाली बघत गवत चघळलं.  काकूंनी केतकीकडे असं पाहिलं की, बघ, याला म्हणतात वळण.

पण केतकी हटली नाही. ती म्हणाली, मला मोजू द्या. मोजून दाखवते, मग काय ते ठरवा.

आधी सगळ्या गाडीचं वजन काढायचं होतं. त्यासाठी तिनं बंगला एका मोठ्या तराफ्यावर चढवला आणि नदीच्या तेव्हा अजून भरलेल्या डोहात सोडला. प्रवासाला निघताना जे जे आत असतं ते सगळं आत हवं, असं तिनं बजावलं होतं. रांजण भरलेला हवा, बरण्या हव्यात, ज्येष्ठ हवेत. ज्येष्ठांना वजन करून घेणं अपमानाचं वाटत होतं. पण नौकाविहार आहे म्हटल्यावर ते आधीच येऊन बसले.

तराफा जिथवर बुडाला तिथे केतकीनं खूण केली. मग बंगला उतरवून, तराफा पुन्हा तेवढाच बुडेपर्यंत त्यावर सारख्या आकाराचे धोंडे भरले. साठ धोंडे लागले.

"आता हिशेब सोपा आहे," ती म्हणाली. "दहा भागांतला एक भाग तरी दांड्यावर यायला हवा. दीड भागाच्या वर नको. म्हणजे सहा ते नऊ धोंडे."

मग सपाट जागेवर तिनं एका ओंडक्याचा तराजू केला. ओंडक्याच्या एका टोकावर दांडा टेकवला, दुसऱ्या टोकावर एकेक धोंडा ठेवला. आत सगळे आपापल्या जागी बसले होते. दुसऱ्याच धोंड्याला दांडा वर उठला.

"दोन," केतकी म्हणाली. "सहा हवेत, आहेत दोन. तेही सपाटीवर. घाटात तेवढेही राहणार नाहीत."

ज्येष्ठ गंभीर झाले. मुलांनो, ज्येष्ठ गंभीर झाले की सावध व्हायचं असतं.

"एवढंच ना?" दामूअण्णा म्हणाले. "दांड्यावर वजन कमी आहे, तर दांड्यावर वजन ठेवा." आणि त्यांनी केतकीला पट्ट्यात उभं करून दांड्यावर एकावर एक वीस धोंडे बांधायला लावले. केतकीचे पुढचे गुडघे वाकले. नाक मातीला लागलं. मागचे पाय टेकायचे कुठे तेच तिला कळेना.

"बघा तिचं शास्त्र!" काकू टाळ्या पिटत म्हणाल्या. "कमी असलं तरी रडते, जास्त असलं तरी रडते."

धोंडे सोडल्यावर नाकातली माती झटकत केतकी उठली. "काकू, जास्तीचे धोंडे नकोच आहेत. आत आहे तेच हलवायचंय. रांजण चाकांच्या बरोब्बर वर आणा. बरण्या पुढे ठेवा. आणि आप्पासाहेबांनी चाकांच्या जरासं पुढे बसायचं. बास."

 माकडांनीसुद्धा खाजवायचं थांबवलं.

"मी," आप्पासाहेब हळूच म्हणाले, "पिल्लांत बसू?"

"चार पावलं तर आहेत."

"प्रश्न पावलांचा नाही, बाळ. आज मी पुढे बसलो तर उद्या समाज कुठे बसेल?"

यावर बैठक झाली. बैठकीनंतर पोटबैठक झाली. शेवटी आप्पासाहेब बाहेर आले ते हसतमुखानं. आमचा विज्ञानाला विरोध नाही, असं त्यांनी जाहीर केलं. मोजणीच्या दिवशी ज्येष्ठ पुढे बसतील!

आणि खरंच बसले. सगळं जंगल बघायला जमलं. रांजण चाकांवर आला, बरण्या पुढे गेल्या, आप्पासाहेब सशांच्या पिल्लांमध्ये अवघडून बसले. ओंडक्यावर धोंडे चढू लागले. चार, पाच, सहा, सात. सातव्याला दांडा जेमतेम हलला.

"सात!" केतकी आनंदानं ओरडली. "बरोब्बर! आता असंच जायचं!"

टाळ्या वाजल्या. दांड्याला झेंडूचा हार घातला. आप्पासाहेबांनी सुरक्षित प्रवासावर भाषण केलं आणि त्यात केतकीचं नाव सोडून सगळ्यांचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची वेळ झाली. केतकीला पट्टा बांधला. तिला दांडा खांद्यावर अगदीच हलका वाटला. तिनं मान वळवून खिडकीतून पाहिलं. मागे दाराला टेकून गादीवर आप्पासाहेब बसले होते. शेजारी काकू, बरण्या. समोर दामूअण्णा. मध्ये रांजण.

"हे काय?" केतकी किंचाळली. "काल सात भरले होते ना!"

"भरले ना?" काकू म्हणाल्या. "मग झालं तर. एकदा मोजलंय, कितीदा मोजायचं?"

"अहो, पण तुम्ही पुन्हा मागे बसलात!"

"मोजणी पुढे बसून करायची होती, ती केली," दामूअण्णा म्हणाले. "प्रवास पुढे बसून करायचा, असं कुठे ठरलं होतं? चल, हार सुकतोय."

केतकीला पट्टा तोडून टाकावा असं वाटलं. पण पुढच्या खिडकीत पिल्लं ओठ चाटत बसली होती. बैठका संपेपर्यंत नदीचा डोह आटला होता आणि आदल्या संध्याकाळी जंगलातलं शेवटचं डबकंही. ती निघाली. शेजारून तिची आई लंगडत चालू लागली.

सपाटीवर केतकी जेवढी सावकाश चालता येईल तेवढी चालली. तरी मध्येच आप्पासाहेबांनी आवाज दिला, "पाय उचल जरा, ऊन होतंय!" तिनं जरा पाय उचलला आणि बंगल्याचं मागचं टोक झोकांड्या खाऊ लागलं. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. पिल्लं एकमेकांवर आपटली. केतकीचा खांदा दोन्हीकडून ओढला जाऊ लागला. ती हळू झाली, तेव्हा कुठे गाडी सरळ झाली.

"वा!" आतून आप्पासाहेब म्हणाले. "झोपाळ्यात बसल्यासारखं वाटलं. पुन्हा कर गं."

मग घाट आला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. केतकी थांबली. "आप्पासाहेब, हात जोडते. फक्त चढापुरतं पुढे या."

"तुझ्या आईनं कधी हात जोडले नाहीत," आप्पासाहेब म्हणाले. "चल."

केतकी चढू लागली. पहिल्या वळणापर्यंत दांडा खांद्यावर तरंगत होता. दुसऱ्या वळणावर चढ उभा झाला. आतला रांजण मागे घसरला, बरण्या मागे घसरल्या आणि काकू आप्पासाहेबांच्या अंगावर घसरल्या. बंगल्याचं मागचं टोक रस्त्यावर आदळलं. दांडा वर उठला आणि त्याच्याबरोबर केतकीही वर उठली. चारही पाय हवेत. पट्टा गळ्याशी आवळला. बंगला बुड घासत, तसूतसूनं, मागे दरीकडे सरकू लागला.

"नीट ओढ ना!" आतून दामूअण्णा ओरडले.

"कशानं ओढू?" हवेतून केतकी ओरडली. "पाय कुठे टेकलेत?"

आतली पिल्लं रडू लागली. तेव्हा केतकीची आई लंगडत बंगल्याच्या मागे गेली. तिनं दाराच्या कडीकडे पाहिलं. मागच्या खिडकीतून आप्पासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांची पहिल्यांदाच नजरानजर झाली.

"अगं, बघतेस काय?" आप्पासाहेब म्हणाले. "ढकल!"

आईनं मागच्या पायानं कडीवर लाथ मारली.

दार उघडलं. आधी गादी बाहेर आली. तिच्यावर बसलेले आप्पासाहेब आले. मग काकू, मग रांजण, मग कैरीचं, लिंबाचं आणि मिरचीचं लोणचं. शेवटी दामूअण्णा आले आणि ते आप्पासाहेबांवर पडले. कुठल्या बाजूनं पडले ते सांगत नाही. आप्पासाहेबांची आरोळी घाटापलीकडच्या तळ्यापर्यंत ऐकू गेली. ही सगळी वरात पहिल्या वळणावरच्या करवंदीच्या जाळीत जाऊन थांबली.

दांडा खाली आला. केतकीचे पाय जमिनीला टेकले. तिनं खुरं रोवली, पट्टा ताणला आणि बंगला जागच्या जागी थांबला. आत पिल्लं पुढच्या बाजूला घट्ट बसलेली होती. दांडा तिच्या खांद्यावर असा बसला, जणू तिच्या मापानं घडवलेला.

"आई," केतकी धापा टाकत म्हणाली, "तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर बैठक भरली असती," आई म्हणाली. "चल, पिल्लांना तहान लागलीय."

उन्हं उतरायच्या आत ती तळ्यावर पोहोचली. ज्येष्ठ दुसऱ्या दिवशी पोहोचले, चालत, लोणच्यात माखलेले, एकमेकांच्या अंगातले काटे काढत. पाणी प्यायल्याबरोबर आप्पासाहेब एका दगडावर चढले.

"मित्रहो," ते म्हणाले, "घाटात आमच्या लक्षात आलं की पोरीला ओझं होतंय. तेव्हा आम्ही स्वतःहून उतरलो."

काकूंनी डोळे पुसले. दामूअण्णांनी मान डोलवली. सगळ्या जंगलानं टाळ्या वाजवल्या आणि ज्येष्ठांच्या त्यागाबद्दल त्यांचा तिथल्या तिथे सत्कार ठरला. सत्काराला केतकीला बोलावलं होतं. हार आणायला.

ती गेली नाही. ती आणि तिची आई तळ्यात गळ्यापर्यंत बुडून बसल्या होत्या आणि दुखरे खांदे गार करत होत्या.

तात्पर्य, जे मोठ्यांदा वाचून घरात सगळ्यांना ऐकवायचं: ज्येष्ठांना पुढे बसा म्हणून कधीही आग्रह करू नये. त्यांना आदरानं अगदी मागे, दाराला टेकूनच बसवावं. मात्र दाराची कडी बाहेरच्या बाजूला आहे ना, एवढं निघण्यापूर्वी बघून घ्यावं.