वाट्यातली चप्पल

जानकीमावशी कोळणीकडून मांदेलीचा वाटा घेतला की त्यात काहीतरी जास्तीचं निघायचंच. कधी गंजका डबा, कधी बाटलीची काच. एकदा माझ्या वाट्यात रबरी चप्पल निघाली.

"मावशी, हे काय?"

"जाल्यात आलं ते. घे, ताजं हाय."

"मी कुठे टाकली चप्पल दर्यात?"

"मंग काय, माशांनी घातलेली?"

वर्सोव्याहून पाटी घेऊन ती आमच्या अंधेरीच्या बिल्डिंगमध्ये यायची. मागच्या नाल्यात आम्ही सगळेच बिनदिक्कत कचरा टाकायचो. नाला खाडीला मिळतो आणि खाडी दर्याला, हा भूगोल तिने आम्हाला जिन्यात ओरडून शिकवला. काच-पत्रा लागून जाळं फाटलं की ते शिवून होईपर्यंत तिच्या नवऱ्याची होडी किनाऱ्यावर. मग वाटा लहान आणि भाव मोठा.

"म्हागाई म्हागाई करता! ती तुमच्याच खिडकीतून खाली पडते, बाय!"

शेवटी तिने संप केला. नाल्याकडेला कचऱ्याचं पिंप येईपर्यंत मासळी बंद! आमच्या सोसायटीचे चिटणीस सुरमईचे भक्त. आठवड्याच्या आत पिंप आलं. त्यानंतर मावशी आधी पिंपात डोकावायची, मगच पाटी उतरवायची.

पण एका पिंपाने दर्या थोडाच साफ होतो? पुढच्या वर्षी कुणीतरी फेकून दिलेला नायलॉनचा दोर तिच्या नवऱ्याच्या होडीच्या पंख्यात गुंतला. इंजिन बंद पडलं, होडी खडकावर आपटली. माणसं वाचली, होडी गेली. तिचा नवरा, धर्मा नाखवा, बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलू लागला. मावशी दुसऱ्यांची मासळी विकत घेऊन विकायची. भांडायची बंद झाली. "म्हातारी निवळली," असं आम्ही म्हणालो. किती सहज म्हणालो!

एका संध्याकाळी बारशाचं बोलावणं करायला मी तिच्या घरी गेले. किनाऱ्याने गेले ती चूकच झाली. शहाळी, चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, काळा चिखल. नाखवा दर्याकडे पाठ करून ओटीवर बसला होता. होडी गेल्यापासून तो किनाऱ्यावर फिरकला नव्हता. एवढ्यात मावशी रिकामी पाटी घेऊन किनाऱ्यावरून आली.

मान न वळवता त्याने विचारलं, "पानी कसं हाय?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. माझे पाय घोट्यापर्यंत काळे होते.

"साफ हाय," ती म्हणाली. "तळ दिसतोय."

नाखव्याने मान हलवली.

मावशीने मला हाताला धरून मागच्या दारी नेलं आणि माझ्या पायांवर पाणी घातलं.