हाडांच्या फोटोवाला गुलाबराव

गुलाबराव कोणाला रामराम करत नसे. "लघवी झाली का?" असं विचारी. शहरातल्या सदर बाजारात, भर गर्दीत, त्यानं एका रिटायर मास्तरांना हेच विचारलं. मास्तर भडकले, "काहून गा? तुले काय करायचं?" तर हा म्हणतो, "सवय हाये, गुरुजी."

सवय दवाखान्यातली. लकडगंजात आमच्या बाजूलाच राहायचा. एका दवाखान्यात हाडांचा फोटो काढायचे, तिथं हा चपराशी. फोटोच्या आधी एमडीपी नावाचं किरणांचं औषध शिरेत टोचत. तीन तासांत ते हाडांत उतरे. उरलेलं लघवीवाटे निघालं, तरच फोटो साफ येई. म्हणून हा दिवसभर पाण्याचा लोटा घेऊन लोकांच्या मागं.

मी त्याला येडाच समजायचो. मग माझ्या बायकोची पाळी आली. छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालेलं, आता कंबर दुखत होती. रोग हाडांत गेला का, ते पाहायचं होतं.

"हे औषध करते काय गा?" मी विचारलं.

"मुंगी हाये मुंगी. दुखनं म्हंजे गूळ. जिथं दुखनं, तिथं हे जमते. फोटोत काळं दिसते."



सुई दिल्यावर डॉक्टर म्हणाले, लहान लेकरं आणि गर्भार बाया जवळ नको. मला कोणी काही म्हटलं नव्हतं. तरी मी भेऊन पार दाराजवळच्या बाकावर जाऊन बसलो. तीस वर्षांचा संसार, आणि मी तिच्यापासून वीस हात लांब.

गुलाबराव मात्र तिच्याच बाकावर. "पे वं वहिनी, एक लोटा माह्या नावाचा!" ती हसली. कितीक दिवसांनी हसली.

तासभर मी पाहत राहिलो. मग तिथूनच ओरडलो, "तुले भेव नाही वाटत का गा? साहेबानं सांगतलं असन ना, रोज इतकं जवळ नको बसू म्हून?"

"सांगते ना. म्हन्ते, पोराबाळायच्या जवळ जपून राहा." त्यानं लोटा भरला. "घरी हाये कोन, जपाले?"

मी उठलो. तिच्याजवळ जाऊन बसलो. हात धरला, गार पडला होता.

"आले का?" ती म्हणाली. "मले वाटलं, दाराचाच फोटो काढाले आले तुमी."

गुलाबराव तेवढ्यात उठला आणि पलीकडं एकट्या बसलेल्या म्हातारीपाशी गेला.

फोटोत कमरेला काळं आलं. सहा महिन्यांत ती गेली. फोटोआधीच्या त्या तीन तासांतले दोन तास मी तिचा हात धरून होतो, ते गुलाबरावामुळं. दाराशी काढलेला पहिला तास माझा.