मार्लिसच्या वडिलांचा मग

मंडळी, यंदा आमच्या एल्कबर्ग रायफल क्लबाचा राजा मीच होणार होतो. होणार होतो म्हणजे झाल्यातच जमा होतो, फक्त स्पर्धा व्हायची बाकी होती!

पणजोबा मंडळी जर्मनीहून विस्कॉन्सिनला आली तेव्हा रायफलींबरोबर ही रीतही घेऊन आली. ऑगस्टातली नेमबाजी जो जिंकेल तो राजा. डोक्यावर मुकुट (पत्र्याचा असेना का!), आणि संध्याकाळच्या पहिल्या नाचाला राजा जिच्यापुढे हात करेल तिने नाही म्हणायचं नाही. गेली चार वर्षं राजा होतोय डेलबर्ट रूश, आणि हात पुढे करतोय तो मार्लिस बेटशरपुढे. मी दुसरा येतो. दुसऱ्याला सॉसेजवर जास्तीची मोहरी मिळते.

मार्लिस मला चौथीपासून आवडते. आता मी सदुसष्ट वर्षांचा आहे. मधल्या काळात तिचं लग्न झालं, नवरा वारला, आणि माझं काहीच झालं नाही. तिच्याशी बोलायला गेलो की माझ्या तोंडून फक्त हवामानाचा अंदाज बाहेर पडतो. राजाला मात्र बोलावं लागत नाही. नुसता हात पुढे करायचा!

अडचण होती गोळ्यांची. आमच्यात विकतच्या गोळ्या वापरणं कमीपणाचं, ज्याने त्याने आपल्या गॅरेजात शिसं वितळवून ओतायच्या. माझ्या गोळ्यांवर सुरकुत्या पडायच्या. सुरकुत्या मला शोभतात, गोळीला नाही; तशी गोळी निघते नाकासमोर आणि पोचते शेजाऱ्याकडे. शिशात थोडं कथील पडलं की ते साच्यात सुरेख बसतं. आणि कथलासाठी आमची जुनी युक्ती म्हणजे चर्चच्या जुन्या बाजारातून कथलाचे मग उचलायचे.

मे महिन्यात मला झाकणवाला एक जाडजूड मग मिळाला. बुडाशी काही अक्षरं होती, पण चष्मा गाडीत राहिला होता. तासाभरात मग भांड्यात वितळला आणि टेबलावर पन्नास गोळ्या चमकायला लागल्या! तोलून पाहिल्या तर एकीचंही वजन इकडचं तिकडे नाही. त्या मी स्पर्धेसाठी राखून ठेवल्या आणि गॅरेजात एकट्यानेच झाडू धरून नाचाचा सराव केला.

रविवारी चर्चबाहेर मार्लिस डोळे पुसत उभी होती.

"पप्पांचा मग गेला रे, हर्ब! चुकून चर्चच्या बाजारासाठीच्या दानाच्या खोक्यात पडला. एकावन्न साली ते राजा झाले तेव्हाचा. बुडावर नाव होतं त्यांचं!"

मी चष्मा पुसत विचारलं, "कुणी... कुणी नेला?"

"विकणारीला आठवत नाही. टोपीवाला म्हातारा होता म्हणते."

आमच्या गावात बिनटोपीचा म्हातारा फक्त शवपेटीत दिसतो. तेव्हाच खरं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण बोलून काय गेलो?

"आपण शोधू!"

मग दर शनिवारी आम्ही माझ्या पिकअपमधून जिल्ह्यातले जुने बाजार पालथे घालू लागलो. ती अंड्याची सँडविचेस आणायची, एक मला आणि अर्धं तिला. वाटेत पप्पांच्या गोष्टी सांगायची. बाजारात एकेक मग उलटा करून बघायची आणि हळूच खाली ठेवायची. तिचा चेहरा बघून मला चोरासारखं व्हायचं, आणि परतीच्या वाटेवर वाटायचं, हा रस्ता संपूच नये. वितळलेला मग शोधण्यात माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे शनिवार गेले!

सातव्या शनिवारी एका विकणारीने लांबूनच हाक मारली, "काय हो आजोबा! आणखी मग हवेत का वितळवायला?"

मार्लिसने माझ्याकडे पाहिलं. "वितळवायला?"

"ती मला माझा चुलतभाऊ समजली. आम्ही दिसायला सारखे."

"कुठे असतो तो? त्यालाच विचारू या की!"

"तो... वारला."

"अरे देवा! कधी?"

"मंगळवारी," मी म्हणालो.

सोमवारी ती दुखवट्याचं जेवण घेऊन दारात हजर, बटाटे आणि चीज घातलेलं, तीन दिवस पुरेल एवढं! मागोमाग क्लबातल्या सगळ्यांच्या सह्यांचं सांत्वनाचं कार्ड आलं. डेलबर्टने त्यात लिहिलं होतं, 'तुझ्या दुःखात सहभागी. स्पर्धेला नाही आलास तरी चालेल.'

मी गेलो! मार्लिस दुर्बिणीपाशी गुण मांडायला बसली होती. पहिली गोळी बरोब्बर मधोमध. दुसरी तिच्याच भोकातून. नवव्या गोळीला मी डेलबर्टपेक्षा तीन गुणांनी पुढे होतो आणि त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. दहावी नेमाच्या फळ्यावर मधल्या वर्तुळाच्या आसपास लागली असती तरी मुकुट माझा!

मार्लिस दुर्बिणीतून मान वर करून म्हणाली, "हर्ब, आज पप्पा असते ना, तर त्यांनी तुला मिठी मारली असती."

मी हातातल्या गोळीकडे पाहिलं. नऊ वेळा त्यांना फळ्यामागच्या वाळूत धाडलं होतं आणि दहाव्यांदा धाडायला निघालो होतो. मी रायफल खाली ठेवली, ती गोळी परत गोळ्यांच्या डब्यात टाकली, डबा उचलला आणि तिच्यासमोर नेऊन ठेवला.

"मार्लिस, हा घे तुझ्या पप्पांचा मग. एक्केचाळीस आहेत. टोपीवाला म्हातारा मीच."

तिने डब्यातली एक गोळी उचलून उलटी करून पाहिली.

"आणि चुलतभाऊ?"

"नव्हताच."

"मग दुखवट्याचं जेवण?"

"मी खाल्लं. छान झालं होतं."

"हर्ब, तुझी वेळ संपली," डेलबर्ट घड्याळ दाखवत म्हणाला. इतक्या गोड आवाजात तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

दहावी गोळी सुटलीच नाही. मुकुट त्याला मिळाला. हात त्याने पुढे केला, आणि रीत ती रीत, मार्लिस उठली. अॅकॉर्डियन सुरू झालं. मला ते बघवेना. मी फावडं आणि चाळणी घेऊन माझ्या फळ्यामागच्या वाळूच्या ढिगात शिरलो. निदान त्या नऊ गोळ्या तरी तिला परत द्यायच्या होत्या. पहिला नाच संपला तोवर मी गुडघाभर खड्ड्यात होतो. वर बघतो तर मार्लिस! चांगले बूट, निळा झगा, कपाळाला आठ्या.

"काय करतोयस?"

"पप्पांना शोधतोय."

तिला हसू आलं, पण तिने ते आवरलं. तिकडून डेलबर्टची हाक आली, "मार्लिस! दुसरा नाच!"

दुसऱ्या नाचाला रीत लागू नाही.

"किती सापडल्या?" तिने विचारलं.

"सहा," मी म्हणालो.

"म्हणजे तीन राहिल्या." तिने बूट काढले, झगा सावरला आणि माझी चाळणी हातात घेतली. "सरक जरा. सगळ्या मिळेपर्यंत मी काही हलत नाही."

खोटं बोलण्याचा परिणाम काय होतो ते मला कुणी शिकवायला नको, मंडळी. पण तिने विचारलं तेव्हाच नऊच्या नऊ गोळ्या माझ्या खिशात होत्या.