ठकीच्या पोटातलं घुंगरू

नेकनुरात बैल घ्यायचा तर आधी गहिनीनाथला दाखवायचा, हे ठरलेलंच. नुसत्या चालण्यावरून तो बैलाचं वय, खोड आणि मालकाची लबाडी, तिन्ही सांगायचा. पण सासूबाईंचं मांजर घरी आलं आणि या पठ्ठ्याची झोपच उडाली.

सासूबाई म्हणजे युसूफ वडगावच्या चंद्रभागाबाई. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बीडला जाताना ठकीला त्यांनी लेकीच्या घरी सोडलं आणि जावयाला बजावलं, "जावईबापू, हिला उंबऱ्याभाईर जाऊ देऊ नका. तुमच्या गल्लीतली कुत्री लई वंगाळ हायेत. पर नुसती कोंडू बी नका, खेळवत ऱ्हावा. न्हाई खेळली तर झुरणीला लागती." मग चपला घालता घालता सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "मांजर आपल्या हातून गेलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं."

(सोन्याचं मांजर केवढं असावं, हे विचारायची गहिनीनाथची हिंमत झाली नाही. ठकी चांगली गलेलठ्ठ होती.)

त्याची बायको वनमाला आईसोबत गेली. घरात उरले हे दोघं. ठकी दिवाणावर पसरली ती हलेचना. झुरणीला लागली की काय, असं गहिनीनाथला वाटलं. त्यानं खेळणं आणायचं ठरवलं.

आधी मोबाइलच्या दुकानातून सेलवर पळणारा उंदीर आणला. ठकीनं तो हुंगला आणि त्याच्याकडं पाठ करून बसली. मग रबरी चेंडू आणला. तो दिवाणाखाली गेला आणि काढायला गहिनीनाथलाच पोटावर सरपटावं लागलं. ठकीनं तेवढं मात्र मन लावून पाहिलं.

बाजाराच्या दिवशी बैलांच्या वेसणी-म्होरक्या विकणाऱ्यापाशी त्याचे पाय आपोआप थांबले. पोळ्याला गोंडा आणि घुंगरू बांधलं की म्हातारा बैलसुद्धा मान ताठ करून चालतो. मग मांजरानं काय घोडं मारलंय? त्यानं लाल गोंडा घेतला, बोराएवढं एक घुंगरू घेतलं, दोन्ही सुतळीला बांधलं आणि घरी येऊन नाचवलं. ठकी अशी उसळली की गहिनीनाथला स्वतःचाच अभिमान वाटला. त्याच्या लोंबत्या पायजम्यालाही ती नखं मारायला लागली, म्हणून पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, फरशीवर बसून त्यानं तिला मनसोक्त खेळवलं.

तेवढ्यात वनमालाचा फोन आला. "आईला सोडलं दवाखान्यातून. आमी एस्टीत बसलोत. ठकी कशी हाय?"

"एकदम फस्क्लास," म्हणत त्यानं खाली पाहिलं. सुतळी कुरतडलेली. गोंडा होता, घुंगरू नव्हतं. ठकी जिभल्या चाटत होती.

त्यानं फोन ठेवला. दिवाणाखाली पाहिलं, कोपरे झाडले. घुंगरू नाही. घाबरत घाबरत तो ठकीकडं गेला, तर आवाज आला, छुन्न. तिला उचललं, छुन्न. खाली ठेवलं, तरी छुन्न. ठकी त्याच्या पायात पायात करायला लागली. दुखणं सोसेना झालं की जनावर माणसाला बिलगतं, हे त्याला बैलांवरून पक्कं ठाऊक होतं. त्याला रडूच फुटायला आलं.

जनावरांचे डॉक्टर त्रिंबकराव मोटारसायकलवर आले. नळी लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं. गहिनीनाथ श्वास रोखून दगडासारखा उभा.

"काहीच आवाज नाही," डॉक्टर म्हणाले. "जरा उचला बरं."

गहिनीनाथ पुढं झाला. छुन्न.

डॉक्टरांचा चेहरा पडला. सारी नोकरी गाई-म्हशींत गेलेली, वाजणारं मांजर त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. "आतड्यात अडकलं तर अवघड आहे," ते म्हणाले. "बीडला न्यावं लागेल."

"डॉक्टरसाहेब, जीवाला धोका हाय का?"

"मांजराच्या?"

"माझ्या पण विचारतो," गहिनीनाथ म्हणाला.

आणि दारात सासूबाई उभ्या. एका डोळ्यावर पट्टी, मागं पिशव्या घेतलेली वनमाला. गहिनीनाथनं सुटका व्हावी म्हणून सगळं एका दमात सांगून टाकलं. "मामी, मी मुद्दाम न्हाई केलं," असं म्हणत तो पाया पडायला वाकला. छुन्न.

चंद्रभागाबाईंनी मोकळा डोळा बारीक केला. वाकल्या, जावयाच्या पायजम्याची दुमड उलगडली. घुंगरू टणकन फरशीवर पडलं. ठकीनं झडप घालून ते पळवलं.

"मला एका डोळ्यानं दिसलं," त्या म्हणाल्या. "तुमा दोघांना चार डोळ्यांनी दिसंना व्हय?"

डॉक्टर मोटारसायकलकडं गेले. बैलाच्या चालीवरून खोड ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या चालीतलं घुंगरू कळलं नाही, ही बातमी ते चौकात पोचायच्या आत तिथं पोचली होती.

पुढं सासूबाई ठकीला, गोंड्याला आणि घुंगराला घेऊन वडगावला गेल्या. गहिनीनाथनं देवापुढं नारळ फोडला. पण आठवडाही झाला नाही तोच फोन आला.

"जावईबापू, ठकी हिरमुसलीय. गोंड्याकडं ढुंकून बघत न्हाई, घुंगराला बी शिवत न्हाई. दाराकडं बघत बसती नुसती. दोन दिस येऊन ऱ्हाता का?"

"मामी, मी येऊन काय करू?"

"काय करायचं न्हाई. घरात नुसतं हिंडायचं."

त्यानं हताशपणे वनमालाकडं पाहिलं. तिनं पिशवी भरायला घेतली होती, आणि तोच पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून वर ठेवला होता.