खांद्यापासून माप

दोन मीटर लांबीची मापकाठी शिलाई मशीनवर आडवी पडली होती. तिचं एक टोक खिडकीतून बाहेर आलं होतं, तर दुसरं कपाटाला टेकलं होतं. पांढरा रंग कालच वाळला होता आणि काकू बारीक ब्रशने तिच्यावर काळे आकडे काढत होत्या.

"अगं, आवर. आठला काठी नाल्यात रोवायचीय," दारकाका म्हणाले.

"मग आठपर्यंत गप्प बसा. माझा हात हलला तर पाचाचा सहा होईल. मग तुमच्या त्या बाई काय म्हणतील?"

दारकाका काठीचं खिडकीतलं टोक धरून उभे राहिले. नाव ऐकून परक्या माणसाला ते कुठल्याशा कचेरीच्या दाराशी स्टुलावर बसत असतील असं वाटे. पण त्यांचं दार साधंसुधं नव्हतं. आठशे एकर भाताच्या खाचरांमधलं जादा पाणी एका मोठ्या नाल्यात उतरतं. तो नाला नदीला मिळतो तिथे एक लोखंडी दार आहे. नदी खाली असली की दार वर घ्यायचं, म्हणजे खाचरांतलं पाणी निघून जातं. नदी फुगली की दार पाडायचं, म्हणजे नदीचं पाणी आत घुसत नाही. एवढंच काम. पण हे एवढंसं काम काका वीस वर्षं करत होते आणि वीस वर्षांत त्यांच्या वाटणीचं एकही खाचर कुजलं नव्हतं. चाक फिरवून फिरवून त्यांचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झाला होता, आणि सदरा शिवताना काकू ती बाही अर्धा इंच सैल ठेवत.

आज मूल्यमापनवाल्या बाई येणार होत्या. नाला आणि दार वीस वर्षांपूर्वीचे, पण त्यांचा उपयोग किती होतो हे कुणी कधी मोजलं नव्हतं. ते आता त्या मोजून पाहणार होत्या. दार उघडल्यावर दोन तासांत नाल्याची पातळी तीस सेंटिमीटर उतरली तर काम पास, आणि मग नाला पुढे खालच्या खाचरांपर्यंत जाणार. काकांची लेक दिली होती ती त्या खालच्या खाचरांतच. तिच्याकडे जोराचा पाऊस झाला की रोपं नऊ-नऊ दिवस पाण्याखाली राहत. गेल्या वर्षी तिच्या घरच्यांनी मिळून दोनदा लावणी केली. तिसऱ्यांदा करायला रोपंच उरली नाहीत.

बाईंच्या पत्रात एक ओळ होती, 'मापकाठीवरील आकडे सुस्पष्ट असावेत.' जुन्या काठीवरचे आकडे शेवाळ्याने खाल्ले होते. म्हणून काकांनी ती तासून रंगवली, आणि आकड्यांचं काम काकूंकडे दिलं. काकूंचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं.

काकांनी काठी खांद्यावर टाकली, नाल्यावरच्या पुलाजवळ, रात्रीच्या पावसाने कमरेएवढ्या झालेल्या पाण्यात उतरले आणि काठीचं डोकं बरोबर बांधाच्या माथ्याशी येईल अशी ती ठोकून बसवली. ओळंबा लावून पाहिला. काठी सरळ होती. आकड्यांकडे त्यांनी पाहिलं नाही. पाणी किती आहे हे त्यांना कानाने कळे. भरलं की दार घुमे, उतरलं की खळखळे. आकडे लागत ते कचेरीला.

कचेरीचा कारकून पुलावरून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर आधीच उभा होता. त्याला सगळे 'रजिस्टर' म्हणत, कारण रजिस्टरात नसलेल्या गोष्टीवर त्याचा विश्वास नव्हता. फोनवर आकडा सांगायचा, आणि तोच स्वतःच्या वहीत लिहायचा, एवढं त्याचं काम. बाई दाराजवळच्या खोलीत बसल्या. पुलापासून ही जागा अर्धा किलोमीटर लांब, मध्ये नाल्याला वळण. खोलीच्या खिडकीतून दिसत होती ती नुसती नदी.

"सुरुवातीची पातळी?" बाईंनी फोनवर विचारलं.

"ऐंशी," रजिस्टर म्हणाला.

"काका, उघडा दार."

काकांनी चाक फिरवलं. दार वर आलं आणि पाणी खळखळत नदीकडे धावलं. काका मनातल्या मनात लेकीच्या खाचरांपर्यंत जाऊन आले.

अर्ध्या तासाने फोन वाजला. "नव्वद."

बाईंची पेन्सिल थांबली. "नव्वद? सत्तर म्हणायचंय का तुम्हाला?"

"काठीवर नव्वद आहे. ठळक आहे. अक्षर फार सुंदर आहे हो बाई."

पाव तासाने पंचाण्णव. बाई मन लावून काम करणाऱ्या होत्या. त्यांनी कागदावर नाला काढला, नदी काढली, बाण काढले आणि बाणांनी त्यांना उत्तर दिलं. "काका, नदी नाल्यापेक्षा उंच आहे. पाणी उलटं आत येतंय. दार बंद करा!"

"बाई, पाणी बाहेर चाललंय. आवाज ऐका ना."

"आवाज मी कुठे लिहू?"

काकांनी बाईंना दाराशी नेलं आणि एक काडी पाण्यात टाकली. काडी गरकन नदीकडे गेली. "बघा, कुठं गेली?"

"भोवऱ्यात सापडली असेल. काडीवर आकडा नसतो, काका. काठीवर असतो. बंद करा, नाहीतर आठशे एकर बुडाल्याचं माझ्या नावावर लागेल."

वीस वर्षांत काकांनी उघडं ठेवायचं दार कधी बंद केलं नव्हतं. पण मूल्यमापन बाईंचं होतं आणि लेकीचा नाला बाईंच्या हातात होता. त्यांनी चाक उलटं फिरवलं. दार धप्पकन बसलं. काकांना ते स्वतःच्या छातीत बसल्यासारखं वाटलं.

आणि फोनवर आनंदाच्या बातम्या सुरू झाल्या.

"ऐंशी, बाई!" "सत्तर!" "साठ!"

"बघा!" बाई म्हणाल्या. "दार बंद केल्यावर कसं उतरायला लागलं."

"बंद दारातून जातंय कुठं ते?"

बाईंनी कागदावर खाली जाणारा एक बाण काढला. "जमीन पीत असेल."

काका बाहेर येऊन दाराला कान लावून बसले. दार घुमत होतं. भरल्या हंड्यासारखं घुमत होतं. आपले कान म्हातारे झाले की काय, म्हणून त्यांनी दुसरा कान लावून पाहिला.

तासाभराने पुन्हा फोन. "बाई, पन्नास! झपाट्याने उतरतंय. एक विचारू? मी एक पायरी वर सरकू का?"

"का?"

"बूट भिजतायत."

"अहो, पाणी उतरतंय ना?"

"हो. उतरता उतरता भिजतायत."

बाई काही बोलणार तोच पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला त्यांचा ड्रायव्हर दारात आला. "बाई, खाचराकडेला लावलेली गाडी हलवू? सीटवर बेडूक बसलाय. हॉर्न वाजवला तरी उठत नाही."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

सगळे पुलावर पोचले तेव्हा रजिस्टर सर्वांत वरच्या पायरीवर उभा राहून कर्तव्य बजावत होता. "चाळीस. अभिनंदन, बाई." त्याच्या खालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. आसपासच्या खाचरांत रोपांची नुसती टोकं वर होती. बांधावर शेतकरी गोळा झाले होते, आणि छत्री धरून काकूही. आपले आकडे लांबून कसे दिसतात ते पाहायला त्या आल्या होत्या.

बाईंनी काठीकडे पाहिलं. माथ्याशी शून्य. त्याखाली दहा, वीस, तीस. खाली खाली वाढत जाणारे सुरेख आकडे.

"हे आकडे कोणी काढले?" त्यांनी हळू विचारलं.

"मी," काका चटकन म्हणाले.

"काहीतरीच काय!" काकू पुढे आल्या. "बाई, यांचा चार म्हणजे सुटलेली नाडी. आकडे माझे आहेत. काही चुकलं का?"

"काकू, शून्य खाली हवं होतं. तळाशी."

"तळाशी?" काकूंना खरंच नवल वाटलं. "माप खांद्यावरून घेतात, बाई. तीस वर्षं शिवतेय. पायापासून वर सदरा मोजणारा शिंपी मी तरी पाहिला नाही."

बांधावर कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळेच. रजिस्टर तेवढा हसला नाही. तो वही उघडून, हे आता लाल शाईने खोडायचं की काय, या काळजीत पडला होता. काका हसत नव्हते. 'काम नापास' हे दोन शब्द त्यांना बाईंच्या कपाळावर लिहिलेले दिसत होते.

"बाई," ते म्हणाले, "काठी माझी, चूक माझी. नाल्याची नाही. एकदा दार उघडू द्या. आत्ता, सगळ्यांसमोर. नाला भरलाय तेवढा भरलाय. यातून उतरला तर उतरला."

बाईंनी घड्याळ पाहिलं. "उघडा."

काका त्या वयातही पळत गेले. चाक फिरलं, दार उठलं, आणि पुलाखालून असं पाणी सुटलं की रजिस्टरने वही पोटाशी धरली. आता सगळ्यांचे डोळे काठीवर होते आणि बांधावरचा माणूस न् माणूस मोठ्याने मोजत होता. पन्नास! साठ! एकेक पायरी बाहेर येत होती. रोपांची पाती दिसली, मग बुडखे दिसले. पाणी पंचाण्णवला पोचलं तेव्हा बाईंनी घड्याळ पुन्हा पाहिलं. पन्नास मिनिटं. तीस सेंटिमीटरला दोन तास दिले होते. नाल्याने तासाच्या आतच पंचावन्न सेंटिमीटर काढले होते.

काका धापा टाकत परतले. त्यांनी काठीकडे पाहिलंच नाही. ते पुलावर उभे राहून ऐकत होते. खळखळ होती. कान शाबूत होते.

"काका," बाई म्हणाल्या, "मी काडी बघायला हवी होती."

"असू द्या. काडीवर आकडा नव्हता ना."

बाई निघाल्या नाहीत. त्या काठीकडे बघत राहिल्या. "काकू, समजा तुम्ही शेतकरी आहात. पाणी तळापासून किती वर आहे, याने तुम्हाला काय कळेल?"

"काही नाही. बांधावरून यायला किती उरलंय ते कळायला हवं. बांध म्हणजे खांदा. तिथवर पाणी आलं की सदरा भिजला."

बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

दोन महिन्यांनी कचेरीत पत्र आलं. रजिस्टरने ते काकांच्या घरी आणून, उभं राहून वाचलं. काम पास झालं होतं. नाला खालच्या खाचरांपर्यंत न्यायला मंजुरी होती. आणि शेवटी होतं, 'प्रत्येक पुलापाशी नेहमीच्या काठीशेजारी माथ्यापासून खाली मोजणारी एक काठी बसवावी. अशा सात काठ्या तयार करून घ्याव्यात. आकडे त्याच हाताचे असावेत.'

"त्याच हाताचे," काकांनी रजिस्टरला पुन्हा वाचायला लावलं. मग शेजाऱ्यांना बोलावून तिसऱ्यांदा. काकू मान खाली घालून काज करत होत्या, पण त्या दिवशी एका सदऱ्याला त्यांनी सहाच्या जागी आठ काजं केली.

पुढच्या वर्षी पाऊस तीन दिवस थांबला नाही. चौथ्या दिवशी दुपारी लेकीचा फोन आला.

"बाबा, आमच्या पुलापाशी उभी आहे. काठी बघून सांगू?"

"सांग, सांग."

"एकशे दहा."

काका ताडकन उठले. "एकशे दहा? अगं, एवढं चढलं? रोपं गेली का गं सगळी?"

"अहो," मशीनवरून मान न उचलता काकू म्हणाल्या, "खांद्यापासून."

तिकडे लेक हसत सुटली. काका ओशाळले. मग त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "हसू नकोस. फोन जरा नाल्याकडे धर."

तिने धरला. काकांनी डोळे मिटले, आणि काकूंनी मशीन थांबवलं.

"उतरतंय," काका मान डोलावून म्हणाले. "झकास उतरतंय. सदरा कोरडा आहे."

"तेच सांगत होते मी," काकू म्हणाल्या, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.