चौथा मुका

फ्रान्समधल्या युझेस गावच्या शनिवारच्या बाजारात रेमों शेळीच्या चीजच्या चकत्या मांडत होता, तेवढ्यात नवा टूर गाईड एर्वे रेमोंच्या बायकोला, सोलांजला, भेटला. भेटताना गालाचे मुके घ्यायची या गावाची रीत. एक गाल, दुसरा गाल, पुन्हा पहिला, की संपलं. एर्वेने चौथा घेतला. रेमोंच्या हातातली चकती खाली पडली.

"तीन झाले होते," एर्वे गेल्यावर तो म्हणाला.

"काय तीन?"

"मुके. तीन म्हणजे नमस्कार झाला. चौथा कशाचा?"

"त्यालाच विचार की. मला काय विचारतोस?"

विचारायचं काय त्यात? एर्वे पस्तिशीचा, दाट केसांचा. रेमोंचं जे काही उरलं होतं ते टोपीखाली असायचं. मत्सराने माणूस आंधळा होतो म्हणतात, रेमोंला उलट जास्तच दिसायला लागलं. आज हिने मोत्याचे डूल घातलेत. बाजाराला कुणी मोती घालतं का?

तो तडक कॅफेवाल्या जिनेतकडे गेला. "तो गाईड तुला किती मुके देतो गं?"

"तीन. सगळ्यांना तीनच. का रे?"

म्हणजे अख्ख्या गावाला तीन आणि आपल्याच बायकोला चार. रेमोंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

थोड्या वेळाने ड्यूकचा वाडा दाखवून एर्वे पाहुण्यांचा घोळका घेऊन आला. "आता इथलं चीज चाखू या."

"चीज संपलं," रेमों म्हणाला.

"मग हे काय?" एका बाईने ढिगाकडे बोट दाखवलं.

"हे बघायला ठेवलंय."

घोळका समोरच्या गास्पारकडे वळला. गास्पार, ज्याचं चीज कुत्रं हुंगत नाही असं रेमों वर्षानुवर्षं सांगत आला होता, त्याची टोपली बघता बघता रिकामी झाली. सोलांजने कपाळाला हात लावला.

शेवटी एर्वे एकटाच परत आला. "काका, माझं काही चुकलं का?" म्हणत त्याने समेटासाठी गाल पुढे केला. भर बाजारात पुढे आलेला गाल नाकारायचा कसा? रेमोंने दात आवळून तीन मुके उरकले आणि मान फिरवली. एर्वेचा चौथा मुका टोपीच्या काठावर आपटला.

"माफ करा," एर्वे ओशाळला. "आमच्या आँजे शहरात चार असतात. इथे तिसऱ्यालाच सगळे तोंड फिरवतात. आल्यापासून मी हवेचेच मुके घेतोय."

रेमोंच्या छातीवरची धोंड उतरली. त्याने एर्वेला मिठी मारली, चौथा मुका स्वतःहून दिला आणि पाहुण्यांना चीजची टोपलीच पाठवली.

घरी जेवताना तो अजून हसत होता. "बिचारा. अख्खं गाव तिसऱ्याला मान फिरवतं म्हणे."

"हो ना, बिचारा," सोलांज म्हणाली.

पाव कापता कापता रेमोंचा हात थांबला. "पण तू नाही फिरवलीस. गाल तसाच धरून उभी होतीस. चौथा असतो हे तुला कसं ठाऊक?"

"लग्नाआधी द्राक्षतोडणीला गेले होते रे आँजेला. एकच हंगाम."

"एका हंगामात एवढी सवय लागते?"

सोलांज खिडकीकडे बघून जराशी हसली. "आमलेट खा. निवतंय."

आँजेत हिचा चौथा मुका कोण घेत होता? त्यापेक्षा एर्वे बरा होता. तो निदान दिसत तरी होता.