वारा कापणारी राजदूत

बेलापुरात मोटरसायकलवर पालथं पडून डेअरीला दूध घालणारा एकच माणूस होता, आणि तो आमच्या शेजारी राहत होता. पोट टाकीवर, हनुवटी हँडलच्या वर चार बोटं, पाय मागं बेडकासारखे दुमडलेले आणि दोन्ही अंगांना दुधाच्या कॅन. डोक्यावर गांधी टोपी. ती उडू नये म्हणून पायजम्याची नाडी टोपीवरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारलेली. नव्या माणसाला वाटायचं, या गृहस्थांना गाडीवरच चक्कर आली. एकदा परगावचा एक भला माणूस तांब्याभर पाणी घेऊन धावलासुद्धा.

"चक्कर न्हाई ओ," लखूनाना पडल्या पडल्याच म्हणाले. "वारं कापतोय."

वारं हा नानांचा या जगातला एकमेव शत्रू. एस.टी. उशिरा आली, म्हैस आटली, सोसायटीच्या निवडणुकीत त्यांचं पॅनेल पडलं, सगळ्याचं कारण एकच. "मधी वारं आडवं आलं." एक दिवस त्यांनी भरघोस मिशा उतरवल्या. का, तर दोन्ही बाजूंनी वारं धरत होत्या. आता पन्नाशीच्या माणसानं अचानक मिशा उतरवल्या की गाव काय समजायचं ते समजतं. चार माणसं टोप्या काढून, तोंडं पाडून, मळ्यात धाकट्या भावाकडं दुखवट्याला गेली. तिथं नानांचे वडील बाजेवर बिडी ओढत बसले होते. त्यांनीच त्यांना चहा पाजला आणि विचारलं, "कोन गेलं रं?"

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. वडील मालधक्क्यावर हमाली करायचे. मी बी.कॉम. झालो तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले आणि त्या दिवसापासून माझं खरं नाव लोक विसरले. नाना मला 'बीकाम' म्हणत. मला त्याचा राग नव्हता. कष्टानं मिळवलेली गोष्ट शेजारचा माणूस रोज मोठ्यानं उच्चारत असेल तर तक्रार कशाची करायची?

नानांना दोन मुली. दोघी दिल्या घरी. घरात उरले नाना, साळूकाकू आणि चार म्हशी. पहाटे धारा, मग डेअरी, मग चारा, शेण, संध्याकाळच्या धारा. नवरा-बायकोचं बोलणं झालंच तर ते म्हशींबद्दल. वर्षातून एकदा मात्र, भाऊबीजेला, दोघं राजदूतवर बसून राहुरीच्या पलीकडं काकूंच्या माहेरी जात. त्या दिवशी गाडीला कॅन नसत. गाडी इतकी जुनी की चढाला काकू उतरून चालायच्या आणि वर जाऊन नानांची वाट बघायच्या.

ही सगळी भानगड सुरू झाली ती अशाच एका भाऊबीजेला. नव्वदीची ती वर्षं. गावोगाव शंभर सीसीच्या नव्या गाड्या यायला लागल्या होत्या. काकूंच्या भावानंही एक घेतली, बहिणीला आणायला म्हणून सामोरा आला आणि नानांच्या भोवती दोन चकरा मारून म्हणाला, "दाजी, तुमी या सावकाश. आक्काला द्या माझ्या गाडीवर, उद्यापर्यंत पोचंल तरी."

काकू हसल्या. एवढंच झालं. पण ते हसणं नानांना लागलं.

नानांचा भाचा मुंबईला भंगारच्या बाजारात कामाला. तिथं परदेशी स्पोर्ट गाड्या तुटून-फुटून यायच्या. त्याला सांगावा गेला आणि एस.टी.च्या टपावरून गोणपाटात बांधलेली गाठोडी यायला लागली. पहिल्या गाठोड्यात हेडलाइटभोवती बसवायचं लालभडक, टोकदार तोंड निघालं. त्यावर एक स्टिकर होतं. नाना ते घेऊन थेट माझ्याकडं.

"बीकाम, काय लिवलंय हे?"

"नाना, हे जपानी आहे."

"व्हय, पन लिवलंय काय?"

"मला जपानी येत नाही."

नानांनी माझ्याकडं बघितलं, मग आमच्या भिंतीवर लावलेल्या माझ्या पदवीच्या फोटोकडं बघितलं. "मग एवढी वर्षं कालेजात काय केलंत?" म्हणाले. पुढं ते स्टिकर त्यांनी स्वतःच लावून घेतलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "लिवलंय की, वारं कापा."

पुढच्या दिवाळीपर्यंत पडवीत वेल्डिंग चाललं. खाली वाकलेलं हँडल आलं. मागं सरकवलेले फुटरेस्ट आले. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक बसला. तो दाबला की गाडी जागच्या जागी गुडघे टेकायची. मागं स्पोर्ट गाडीचे शॉकअप, जे एका धिप्पाड जपानी गाडीसाठी बनवलेले असल्यामुळं राजदूतच्या वजनाला दबतच नव्हते. कार्बोरेटर बदलला आणि गाडी खरोखर पळायला लागली. सायलेन्सर तर असा, की नाना पाटाच्या पुलावर आले की इकडं गल्लीतली कुत्री उठून बसत. पुढून बघितलं तर जपान, मागून बघितलं तर बेलापूर.

जुनी लांब सीट काढून तिथं स्पोर्ट गाडीची सीट लावली होती. पुढं चालवणाऱ्याला खोलगट जागा आणि मागं उंटाच्या वशिंडासारखा उंचवटा. भाऊबीजेला सगळी गल्ली बघायला जमली. साळूकाकू नवं लुगडं नेसून, फराळाची पिशवी घेऊन बाहेर आल्या. दोन बायकांनी हात दिला तेव्हा काकू त्या उंचवट्यावर एका अंगानं बसल्या. मग नाना त्यांच्या पुढं पालथे पडले.

काकूंनी खाली बघितलं. सगळी गल्ली, सगळ्यांच्या गच्च्या त्यांना दिसत होत्या, पण नवऱ्याचं तोंड दिसत नव्हतं.

"आहो, मी गाडीवर बसलीय का तुमच्या पाठीवर?"

"आडवी बसू नको, वारं धरतीस. दोन्ही अंगाला पाय टाकून बस. आन् वाक."

"कुटं वाकू?"

"माझ्या म्होरं बघून वाक."

काकू बायकांना हात करून उतरल्या, पदर सारखा केला, पिशवी घेतली आणि सरळ स्टँडवर जाऊन एस.टी.त बसल्या. नाना एस.टी.च्या मागं. वाटेत त्यांनी एस.टी.ला कितीदा मागं टाकलं असेल, कंडक्टरलाच माहीत. प्रत्येक वेळी काकूंच्या खिडकीखाली येऊन मान वर करून बघायचे, आणि काकू दुसरीकडं बघायच्या. राहुरीच्या स्टँडवर नाना आधीच पोचून उभे होते. काकू त्यांच्या समोरून चालत गेल्या आणि पुढची एस.टी. पकडली.

तेव्हापासून काकू त्या गाडीवर बसल्या नाहीत. बाजाराला चालत, दवाखान्याला एस.टी.नं, लेकीकडं टेम्पोनं. नाना म्हणायचे, "बसंल. सवय व्हायला लागती." पण ते म्हणताना त्यांचा हात त्या उंचवट्यावरची धूळ पुसत असायचा.

मधल्या काळात दुधाचा प्रकार झाला. एका सकाळी डेअरीच्या सेक्रेटरींनी नानांच्या कॅनचं झाकण उघडलं आणि आत हात घालून लिंबाएवढा गोळा वर काढला.

"नाना, हे दूध हाय का लोनी?"

झालं होतं असं, की ते जपानी शॉकअप दबत नसल्यामुळं घरापासून डेअरीपर्यंतचा प्रत्येक खड्डा सरळ दुधाला बसत होता. कॅन अर्ध्या भरलेल्या. दूध घुसळून निघालं, लोणी वर आलं आणि खालच्या दुधाला फॅट लागेना. सेक्रेटरी वैतागले, रांगेतले गवळी हसून हसून बेजार. नाना मात्र गंभीरपणे म्हणाले, "स्पीडचा परिनाम हाय. दूध जोरात आलं."

काकूंनी ते लोणी शांतपणे कढवलं. आमच्या घरी वाटीभर तूप पाठवलं तेव्हा निरोप दिला, "रवी मोडली हुती, म्हनून फटफटी फिरवली म्हनावं."

शॉकअप काढा, असं सेक्रेटरींनी सांगितलं, माझ्या वडिलांनी सांगितलं, मीही सांगितलं. नानांनी काढले नाहीत. उसाच्या पाचटाची जाड गादी करून कॅनच्या खाली बांधली आणि दूध त्या गादीवर बसून जायला लागलं. "म्हशीच्या दुधापायी जपानी माल काडू व्हय?" म्हणाले.

पुढची दिवाळी आली. वसुबारस झाली आणि नाना आमच्या ओट्यावर येऊन बसले. टोपीची नाडी सोडून बोटाला गुंडाळायला लागले. मग म्हणाले, "बीकाम, तुमी शिकलेले. तुमचं ऐकंल ती. जरा इचारा, यंदा भाऊबीजंला काय करती म्हनून."

"तुम्हीच विचारा की."

"मी इचारलं असतं. मधी वारं आडवं येतंय."

मी गेलो. काकू गोठ्यात आंबोण कालवत होत्या. मी मला येतं तसं, आडपडदा न ठेवता विचारलं. काकूंनी हात थांबवला नाही.

"पहिली गाडी लई हळू हुती," त्या म्हणाल्या. "राहुरीला जायाला दीस जायचा. पाटावर बंद पडायची. मग हे बसायचे तिला खोलून, मी बसायची शेजारी. फराळ सोडायचो. तेवड्या वक्ताला हा मानूस बोलायचा, बीकाम. लहानपनीचं सांगायचा, नकला करायचा माझ्या भावाच्या. वर्सातनं एकदा. घरी आलं की पुन्ना म्हशी हाईतच." आंबोणाचं घमेलं त्यांनी म्हशीपुढं सरकवलं. "आता पालथं पडून पळवत्यात. मागनं मला नुसती पाठ दिसती. बोलाय गेलं तर त्यांच्या कानात वारं. लवकर पोचून मी करू काय तितं?"

"पण तुमच्या भावाच्या गाडीला मागं टाकायला केलं ना त्यांनी. तुम्ही हसलात तेव्हा."

"मी?" काकूंना खरोखर आठवेना. मग आठवलं. "आवो, मी भावाला हसली. तेची गाडी नवी आन् प्यांट फाटकी."

ओट्यावर येऊन मी नानांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. आधीची गाडी हळू होती म्हणून बरी होती, असं काकू म्हणतात. नाना ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "नकला करायचो म्हनली?" मी हो म्हणालो. "प्यांटीला हसली?" मी पुन्हा हो म्हणालो. नाना उठले, नाडी तशीच लोंबत ठेवून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पडवीत पुन्हा ठोकाठोकी. माळ्यावरून जुनी लांब सीट उतरली, तिला नवं रेक्झिन चढलं. हँडल वर आलं. फुटरेस्ट पुढं आले. आणि दुधासाठी जे शॉकअप कुणाच्या बापाच्यानं निघाले नव्हते, ते काढून त्यांनी भिंतीला लावून ठेवले. लाल तोंड राहिलं, कारण त्यावर स्टिकर होतं. सायलेन्सरही राहिला, त्याचा आवाज पुलावरून आला की काकू चहाचं आधण ठेवायच्या, त्यामुळं त्याला घरातून विरोध नव्हता. डिस्क ब्रेकवर मात्र नाना अडले. पाना हातात घेऊन कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत उकिडवे बसले.

"हाही काढता?" मी विचारलं.

"न्हाई," नाना म्हणाले. "ह्यो ऱ्हाऊ दे. थांबायला लई चांगला हाय."

भाऊबीजेला नाना ताठ बसून निघाले. टोपीला नाडी नव्हती. मागं काकू एका अंगानं, एक हात नानांच्या खांद्यावर, मांडीवर पिशवी. गल्लीच्या तोंडाशी एका सायकलवाल्यानं त्यांना मागं टाकलं. नानांनी त्याला हातानं आदबीनं पुढं जायची खूण केली.

माझी बहीण त्याच रस्त्याला देवळालीत दिलेली. मीही थोड्या वेळानं सायकलवर निघालो. पाटाच्या पुलाशी आलो तर बाभळीखाली राजदूत उभी, आणि काठावर दोघं बसलेली. मधे फडक्यावर भावासाठी बांधलेला फराळ सोडलेला. नाना उभे राहून, पोट पुढं काढून, कुणाची तरी नक्कल करत होते. काकूंनी पदर तोंडात धरला होता, तरी हसू बाहेर येत होतं.

"बंद पडली का नाना?"

नाना एकदम खाली बसले. "न्हाई. ब्रेक बघत हुतो. लागतोय का."

"मग, लागला?"

"मगाचाच लागलाय," काकू म्हणाल्या आणि माझ्या हातावर एक करंजी ठेवली.

"तुमी व्हा म्होरं, बीकाम," नाना म्हणाले. "आमी आलोच मागनं."

मी पुढं निघालो. त्या सायलेन्सरचा आवाज लांबूनही चुकायचा नाही, म्हणून मी सायकल रस्त्याच्या कडेनं मारत होतो, त्यांना वाट द्यायला. देवळालीची घरं दिसायला लागली तरी मागून काही आवाज आला नाही.